गुलाबी वेष्टनाचें मोल

कापडाच्या दुकानांत मोजून कापड विकण्याची रीत जुनी आहे. मलमल असो, मांजरपाट असो कीं खादी असो, दुकानदार गज पुढें ओढतो, कापड मोजतो आणि मोजल्या मापाचे पैसे घेतो. तें कापड पुढें यजमानाच्या सदऱ्यासाठीं जाणार आहे कीं घरधनिणीच्या पोलक्यासाठीं, हा प्रश्न भाव सांगतांना तो विचारीत नाहीं. कापड एक, माप एक, म्हणून भावहि एक. दशमान पद्धति आल्यावर वाराच्या जागीं मीटर आला, एवढाच काय तो फरक.

तयार मालाच्या दुकानांत पाऊल टाकतांच हा साधा न्याय सुटतो. तेथें साबणाची वडी, केंस धुण्याचें द्रव्य, दाढीचें पातें, सदरा, विजार, हातमोजे या सर्वांचीं दोन कुळें झालेलीं दिसतात, एक पुरुषांचें व एक स्त्रियांचें. दोहोंच्या फळ्या निराळ्या, रंग निराळे, सुवास निराळे. आणि पुष्कळदां किंमतहि निराळी. स्त्रियांच्या वांट्यास येणाऱ्या या जादा आकाराला अमेरिकेंत 'पिंक टॅक्स', म्हणजे 'गुलाबी कर', असें नांव पडलें आहे. हा कर कोणत्याहि कायदेमंडळानें बसविलेला नाहीं व तो कोणत्याहि तिजोरींत भरला जात नाहीं. स्त्रियांसाठीं म्हणून वेगळ्या काढलेल्या मालाच्या किंमतींत तो मिसळलेला असतो. त्याचा इतिहास पाहूं गेल्यास एक गोष्ट ठळकपणें नजरेस येते. किंमत आधीं वेगळी झाली नाहीं. आधीं वस्तु वेगळी झाली, तिचें नांव वेगळें झालें, तिचें माप वेगळें झालें. आणि मग किंमत वेगळी होण्यास वाट मोकळी झाली.

या विभागणीचा एक जुना व बोलका दाखला म्हणजे खिसा. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धांत इंग्लंडांतील पुरुषांच्या कोटांत व विजारींत शिवलेले खिसे रूढ झाले. स्त्रियांचे खिसे वस्त्राला जोडलेले नसत. कापडाच्या पिशव्या नाडीनें कमरेस बांधीत, त्या घोळदार झग्याच्या आंत लोंबत, आणि झग्याला ठेवलेल्या फटींतून त्यांत हात घालावा लागे. तरी या पिशव्या चांगल्या ऐसपैस असत. किल्ल्या, पैसे, सुईदोरा, कात्री असा सारा संसार त्यांत मावे. पुढें अठराव्या शतकाच्या अखेरीस छातीखालीं कंबर धरणाऱ्या, अंगाबरोबर सरळ उतरणाऱ्या पातळ झग्यांची फॅशन आली. त्यांच्याखालीं पिशवी लपेना. तेव्हां हातांत धरावयाचा चिमुकला बटवा पुढें आला, आणि सामान वाहण्यासाठीं स्त्रियांचा एक हात कायमचा अडकला.

या व अशा गैरसोयींविरुद्ध १८८१ सालीं लंडन येथें 'रॅशनल ड्रेस सोसायटी' स्थापन झाली. जोडे सोडून अंतर्वस्त्रांचें एकंदर वजन सात पौंडांहून अधिक असूं नये, असें या मंडळीनें जाहीर केलें. सात पौंड ही जर सुधारकांनीं घातलेली कमाल मर्यादा, तर त्यापूर्वीं स्त्रिया अंगावर किती ओझें वागवीत असतील याची कल्पना करावी. वजन कमी झालें, झगे आंखूड झाले, स्त्रिया विजारी वापरूं लागल्या. परंतु खिशाचा प्रश्न तसाच राहिला. २०१८ सालीं 'द पुडिंग' या अमेरिकन प्रकाशनानें २० प्रसिद्ध छापांच्या ८० जीन्स विजारी फीत लावून मोजल्या. स्त्रियांच्या विजारींचे पुढचे खिसे पुरुषांच्या खिशांहून सरासरीनें शेंकडा ४८ आंखूड व शेंकडा ६.५ अरुंद भरले. पैसे पुरे मोजून अर्धा खिसा पदरांत पडणें हाहि किंमतीचाच फरक आहे. तो किंमतीच्या चिठ्ठीवर दिसत नाहीं इतकेंच.

तयार कपड्यांच्या धंद्याची वाढ कशी झाली हें पाहिलें म्हणजे मापाचें महत्त्व अधिक स्पष्ट होतें. १८६१ ते १८६५ या काळांत अमेरिकेंत यादवी युद्ध झालें. लाखों सैनिकांना गणवेष पुरविण्याची वेळ आली, तेव्हां एकेकाचें माप घेऊन शिवणें अशक्य झालें. कारखान्यांनीं ठराविक आकार बसविले, आणि शांतता झाल्यावर तेच ज्ञान नागरिकांच्या कोटविजारींना उपयोगीं पडलें. पुरुषाची विजार कमरेच्या इंचांवर विकली जाऊं लागली. इंच हें सर्वांचें माप. त्यांत लपविण्यासारखें फारसें कांहीं राहत नाहीं.

स्त्रियांचे कपडे यानंतरहि पुष्कळ वर्षें घरीं किंवा शिवणारणीकडून शिवून घेतले जात. ते जेव्हां कारखान्यांत तयार होऊं लागले, तेव्हां त्यांना आधाराला असें मापशास्त्र नव्हतें. अखेर १९३९-४० सालीं अमेरिकेच्या शेतकी खात्यानें सुमारें १५,००० स्त्रियांचीं मापें घेतलीं. तो अहवाल १९४१ सालीं प्रसिद्ध झाला. त्याच्या आधारें १९५८ सालीं स्त्रियांच्या कपड्यांच्या आकारांचें एक प्रमाण ठरविण्यांत आलें. परंतु तें पाळण्याची सक्ति नव्हती, आणि १९८३ सालीं तेंहि मागें घेण्यांत आलें. परिणाम असा झाला कीं, स्त्रियांच्या कपड्यांवरील ८, १० किंवा १२ हा आंकडा ना इंच राहिला ना सेंटिमीटर. एका कारखान्याचा दहा दुसऱ्या कारखान्याच्या आठाएवढा भरूं लागला. अंगाला न बसणारा कपडा दुरुस्त करून घ्यावयाचा, तर तेथेंहि पंक्तिप्रपंच. अमेरिकेंतील अनेक मोठ्या दुकानांत पुरुषांच्या सुटाची काटछाट विक्रीच्या किंमतींतच करून मिळे. स्त्रियांना त्याच कामाचे निराळे पैसे मोजावे लागत.

कपड्यांचें झालें तेंच पुढें न्हाणीघरांतील वस्तूंचें झालें. किंग कँप जिलेट याच्या कंपनीनें १९०३ सालीं पातें बदलतां येणारा वस्तरा विकण्यास प्रारंभ केला. पहिल्या वर्षीं अवघे ५१ वस्तरे व १६८ पातीं खपलीं. थोड्याच वर्षांत हा खप लाखांवर गेला, आणि नवें गिऱ्हाईक कोठें सांपडेल याचा शोध सुरू झाला. त्या सुमारास अमेरिकेंत बिनबाह्यांच्या पोषाखाची आवड वाढत होती. १९१५ सालीं कंपनीनें 'मिलेडी डेकोलेते' या नांवाचा, सोन्याचा मुलामा दिलेला नाजूक वस्तरा खास स्त्रियांसाठीं म्हणून काढला. त्याच सुमारास स्त्रियांच्या मासिकांतून काखेंतील केंस ही लाज वाटण्यासारखी गोष्ट आहे असें शिकविणाऱ्या जाहिराती झळकूं लागल्या. गरज व तिची पूर्ति अशीं दोन्ही एकाच पानावर आलीं. पुढें दुसऱ्या महायुद्धांत नायलॉन लष्करी कामाकडे वळविलें गेलें, पायमोजे मिळेनासे झाले, आणि उघड्या पायांमुळें ही संवय आणखीच पक्की झाली.

येथें न्यायबुद्धीनें हेंहि सांगितलें पाहिजे कीं, सर्वच फरक केवळ रंगाचे नसतात. १९९२ सालीं त्याच कंपनीनें स्त्रियांसाठीं काढलेल्या वस्तऱ्याला रुंद व चपटी मूठ होती. पुरुष आरशासमोर उभा राहून दाढी करतो. स्त्री न्हाणीघरांत, ओल्या हातांनीं, न दिसणाऱ्या जागीं वस्तरा फिरविते. तिच्या हातांतून मूठ निसटूं नये म्हणून केलेली ही योजना होती. अशा फरकाला मोल असणें वाजवी आहे. प्रश्न उरतो तो नुसत्या रंगाला मोल पडण्याचा. गुलाबी रंग स्त्रियांचा, ही समजूत तरी किती जुनी आहे? १९१८ च्या सुमारास अमेरिकेंतील कपड्यांच्या धंद्यांत गुलाबी रंग मुलग्यांना व निळा मुलींना शोभतो, असाहि सल्ला दिला जात असे. आज जो रंग निसर्गसिद्ध भासतो, तो दुकानदारीनें व रूढीनें चार पिढ्यांत कायम केलेला आहे.

माल विकणाऱ्यांच्या आधीं लोकांचें लक्ष सेवा विकणाऱ्यांकडे गेलें. न्यूयॉर्क शहराच्या ग्राहक खात्यानें १९९२ सालीं चौकशी करून केशकर्तनालयें, धुलाईचीं दुकानें व जुन्या मोटारींचे विक्रेते स्त्रियांकडून अधिक पैसे घेतात असें दाखवून दिलें. धुलाईवाल्यांचें म्हणणें असें कीं, इस्त्रीचें यंत्र पुरुषांच्या सदऱ्याच्या घडणीचें असतें. स्त्रियांचा लहान व निराळ्या बेताचा सदरा त्यावर बसत नाहीं, तो हातानें करावा लागतो. हें म्हणणें सर्वस्वी खोटें नव्हतें. परंतु त्यांतच सगळें मर्म होतें. यंत्र घडवितांना पुरुषाचें अंग हेंच प्रमाण धरलें, आणि त्या प्रमाणांत न बसण्याचा दंड मात्र स्त्रीनें भरावयाचा! शिवाय यंत्रावर सहज बसणारा साधा सदरा घेऊन एखादी स्त्री गेली, तरी दर पुष्कळदां तिच्या नांवाचाच लागे.

कॅलिफोर्निया राज्याच्या विधिमंडळाच्या संशोधन विभागानें १९९४ सालीं असा अंदाज केला कीं, सारख्याच सेवांसाठीं तेथील प्रत्येक स्त्री वर्षाकांठीं सरासरी १,३५१ डॉलर जादा देते. १९९५ सालीं त्या राज्यानें कायदा करून गिऱ्हाइकाच्या लिंगावरून सेवेचा दर ठरविण्यास बंदी केली. कामास लागणारा वेळ, त्यांतील अवघडपणा व खर्च यांवरून दर कमीअधिक करण्यास मोकळीक ठेवली. लांब केंस कापण्यास अधिक आकार घ्यावा. पण लांब केंसांचा पुरुष आला तरी तोच घ्यावा, असें त्याचें तात्पर्य. न्यूयॉर्क शहरानेंहि १९९८ सालीं अशाच धर्तीचा निर्बंध केला. परंतु हे दोन्ही निर्बंध सेवांपुरतेच होते. फळीवर मांडलेला माल त्यांच्या कक्षेबाहेर राहिला.

मालाच्या बाबतींत सहजच एक शंका येते. पुरुषांचा साबण स्वस्त असेल, तर स्त्रियांनीं तोच कां घेऊं नये? त्यांना कोण अडवितो? या शंकेचें उत्तर अर्थशास्त्रांत आहे. १९२० सालीं 'इकॉनॉमिक्स ऑफ वेल्फेअर' या ग्रंथांत केंब्रिज येथील प्राध्यापक पिगू यांनीं दरभेदाचे तीन प्रकार सांगितले. त्यांतील तिसऱ्या प्रकारांत विक्रेता गिऱ्हाइकांचे गट पाडतो व ज्या गटाला अधिक किंमत सोसेल त्याच्याकडून ती घेतो. मात्र ही युक्ति साधण्यासाठीं एका गटाचें गिऱ्हाईक दुसऱ्या गटांत जाऊन खरेदी करणार नाहीं, अशी भिंत असावी लागते. आगगाडीच्या वर्गांत ही भिंत तिकिटाची असते. साबणाच्या फळीवर तिकीट तपासणारा कोणी नाहीं. म्हणून तेथें ती भिंत गिऱ्हाइकाच्या मनांत उभारावी लागते. रंग, सुवास, बाटलीची घडण आणि 'हें आपल्यासाठीं नव्हे' ही भावना या तिच्या विटा होत.

ही भिंत किती उंच झाली आहे हें न्यूयॉर्क शहराच्या ग्राहक खात्यानें २०१५ सालीं पुन्हां मोजलें. तान्ह्या मुलांच्या कपड्यांपासून वृद्धांच्या काठीपर्यंत ३५ प्रकारच्या सुमारें ८०० वस्तूंच्या किंमती शेजारीं शेजारीं मांडण्यांत आल्या. स्त्रियांचा माल सरासरीनें शेंकडा ७ महाग निघाला. प्रौढांच्या कपड्यांत हा फरक शेंकडा ८, प्रसाधनाच्या वस्तूंत शेंकडा १३, वस्तऱ्याच्या पात्यांत शेंकडा ११, आणि केंस धुण्याच्या द्रव्यांत शेंकडा ४८ होता. शंभरांत ४२ वेळां स्त्रियांचा माल महाग होता, १८ वेळां पुरुषांचा. मुलांच्या ढकलगाड्यांची एक जोडी तर फारच गाजली. लाल गाडी २४.९९ डॉलरला व तशीच गुलाबी गाडी ४९.९९ डॉलरला मांडलेली होती.

एवढ्यावरून निकाल देऊन मोकळें होणें सोपें होतें. पण पुढील चौकशांनीं विषय अधिक खोल नेला. अमेरिकेच्या मध्यवर्ती सरकारच्या हिशेब-तपासणी कचेरीनें २०१८ सालीं प्रसाधनाचे दहा प्रकार तपासले. पांच प्रकारांत स्त्रियांचा माल महाग, तर दाढीचें जेल व टिकाऊ वस्तरा या दोन प्रकारांत पुरुषांचा माल महाग आढळला. हा फरक केवळ पक्षपातामुळेंच आहे असें म्हणण्याइतका पुरावा नाहीं, असेंहि त्या कचेरीनें नमूद केलें. नंतर २०२३ सालीं प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासानें निराळाच प्रश्न विचारला. मालांतील घटक सारखे असतील तर काय? तेव्हां असें दिसून आलें कीं, सारख्या घटकांचा माल समोरासमोर ठेवल्यास स्त्रियांसाठीं सरसकट महागाई नाहीं. पांचांपैकीं तीन प्रकारांत तर स्त्रियांचाच माल किंचित् स्वस्त होता. मात्र असा सारखा माल फारच थोडा. प्रसाधनाच्या मालांत शेंकडा ८० हून अधिक वस्तु एका कोणत्या तरी लिंगासाठीं म्हणून विकल्या जातात, त्यांचे घटक क्वचितच जुळतात, आणि एकाच कारखान्याच्या पुरुषी व स्त्री-मालांतील मोठे दरभेद या वेगळेपणाच्याच आधारानें टिकून राहतात.

या दोन निष्कर्षांत विरोध वाटतो, पण तो वरवरचा आहे. एकच वस्तु दोन भावांनीं विकणारा दुकानदार पकडला जातो. वस्तूंत थोडा सुवास, थोडा घटक, थोडा आकार बदलणारा पकडला जात नाहीं. कारण मग तुलनेला जोडीच उरत नाहीं. तेव्हां फसवणुकीपेक्षां अतुलनीयता हेंच या कराचें खरें साधन म्हटलें पाहिजे.

हा दोष केवळ व्यापाऱ्यांच्या माथीं मारून भागत नाहीं. सरकारांचे जकातीचे तक्तेहि पुरुषांचे व स्त्रियांचे कपडे निरनिराळ्या ओळींत मांडतात. अमेरिकेच्या तक्त्यांत कांहीं कातडी हातमोज्यांवर पुरुषांसाठीं शेंकडा १४ व इतरांसाठीं शेंकडा १२.६ जकात होती. एका आयातदार कंपनीनें हा भेदभाव म्हणून दाद मागितली. पण नुसत्या दराच्या फरकावरून भेदभावाचा हेतु सिद्ध होत नाहीं, असें ठरवून २०१० सालीं वरिष्ठ न्यायालयानें ती फेटाळली. हातमोज्यांत तोटा पुरुषांचा होता. परंतु एकंदर कपड्यांचा हिशेब केला असतां पारडें उलट झुकतें. २०१५ या एका वर्षांत अमेरिकन कुटुंबांवर स्त्रियांच्या कपड्यांच्या जकातीचा बोजा पुरुषांच्या कपड्यांहून २७७ कोटि डॉलरांनीं अधिक पडला, असें तेथील सरकारी अभ्यासकांनीं दाखविलें. स्त्रियांच्या कपड्यांवर खर्च अधिक होतो हें त्याचें एक कारण, आणि त्यांवरील दर चढे हें दुसरें.

पुरुषी जोडीच नाहीं अशा वस्तूंचा प्रश्न याहून नाजूक. मासिक पाळीच्या वेळीं वापरावयाच्या वस्तूंवर ब्रिटनमध्यें १९७३ पासून मूल्यवर्धित कर होता. २००१ सालीं तो शेंकडा ५ वर उतरला व १ जानेवारी २०२१ रोजीं रद्द झाला. भारतांत जुलै २०१७ मध्यें वस्तु व सेवा कर सुरू झाला, त्यांत सॅनिटरी नॅपकिनवर शेंकडा १२ कर होता. स्त्रियांनीं त्याविरुद्ध आवाज उठविला, आणि जुलै २०१८ मध्यें तो माफ झाला. तरी कारखानदाराला कच्च्या मालावर द्यावा लागलेला कर परत मिळण्याची सोय या माफीबरोबरच गेली. त्यामुळें कराची सर्वच रक्कम किंमतींतून उतरली असें मानतां येत नाहीं.

मालांतील दरभेदाला अलीकडे निर्बंधानें हात घातला आहे. न्यूयॉर्क राज्यानें २०२० सालीं व कॅलिफोर्नियानें १ जानेवारी २०२३ पासून, बव्हंशीं सारख्या असलेल्या वस्तूंची किंमत स्त्रीपुरुषभेदानें कमीअधिक लावण्यास मनाई केली. केवळ रंग निराळा म्हणून वस्तु निराळी ठरत नाहीं, हेंहि त्यांत स्पष्ट केलें आहे. लाल व गुलाबी ढकलगाडीचा न्याय या निर्बंधानें होईल. परंतु 'बव्हंशीं सारखी' या शब्दांतच त्याची मर्यादाहि आहे. दोन वस्तु पुरेशा निराळ्या केल्या कीं निर्बंधाचा हात पोंचत नाहीं.

मग गृहस्थाश्रमी माणसाच्या हातीं काय राहतें? त्याच्या हातीं माप राहतें. भारतांत वेष्टनांतील मालावर कमाल किरकोळ किंमत छापावी लागते, आणि २०२१ सालच्या नियमदुरुस्तीनें त्याबरोबर दर ग्रॅमला किंवा दर मिलिलिटरला काय पडतें, तोहि आंकडा छापण्याचें बंधन घातलें. समजा, १०० ग्रॅमची साधी वडी ५० रुपयांस आहे व ७५ ग्रॅमची गुलाबी वडी ४५ रुपयांस. वरवर पाहतां गुलाबी वडी स्वस्त. पण पहिलीला ग्रॅममागें ५० पैसे पडतात व दुसरीला ६०. हा बारीक अक्षरांतला आंकडा वाचण्याची व शेजारची घटकांची यादी ताडून पाहण्याची संवय घरांतील मुलामुलींना शाळकरी वयांतच लागली, तर मनांतील भिंतीची एक वीट तरी निखळेल. सुवास आवडला म्हणून दहा पैसे अधिक देणें हा कोणाचाहि हक्क आहे. परंतु आपण ते कशाचे देत आहों हें देणारीला ठाऊक असावें.

महिन्याला दहापांच रुपयांचा हा प्रश्न क्षुल्लक वाटण्याचा संभव आहे. पण तो साबणाबरोबर दर महिन्यास येतो, कपड्याबरोबर दर सणास येतो, आणि लेकीच्या पाळण्यापासून आजीच्या काठीपर्यंत साथ सोडीत नाहीं. ज्या स्त्रीची मिळकत आधींच तोकडी, तिच्या पिशवीला पडलेलें तें एक लहानसें पण कायमचें भोंक आहे. कापडाच्या दुकानांतील लोखंडी गज हें तसें ओबडधोबड साधन. त्याला रंग ओळखतां येत नाहीं, समोर पुरुष उभा आहे कीं स्त्री हें कळत नाहीं. त्याला फक्त लांबी कळते. बाजारांतील पुष्कळसा न्याय आजवर त्याच्या या आंधळेपणावरच चालत आला आहे.